मुलांना बारीक पांढरे जंत झालेत? नेहमी विचारले जाणारे प्रश्न (सुतासारखे जंत, खाज, औषध, घरची काळजी)

मी फार्मासिस्ट आहे, आणि जंतांचं औषध मागायला येणारे आईबाबा बहुतेक वेळा काउंटरवरची बाकीची गर्दी जायची वाट बघतात आणि मग हळूच विचारतात. मेसेजवर तर रात्री उशिरा प्रश्न येतात, कारण पोरगं खाजवत तेव्हाच उठलेलं असतं. तेच ते प्रश्न परत परत येतात म्हणून सगळे एकत्र लिहून काढलेत. घाईत असाल तर प्रश्न ७, १० आणि ११ तेवढे नक्की वाचा, कारण बहुतेक घरी गाडी तिथेच अडते. आणि इथे दिलेले डोस माहिती म्हणून दिलेत, लहान मुलाला औषध देण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

१. हे जंत म्हणजे नेमके कोणते? पोटातले सगळे जंत सारखेच असतात ना?

नाही, आणि हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं जातं. आपल्याकडे मुलांमध्ये दिसणारे जंत साधारण दोन गटांत टाका. एक मातीतून येणारे, म्हणजे मोठे गोल जंत (गांडुळाएवढे लांब), चाबूककृमी आणि अंकुशकृमी, ज्यांच्यामुळे रक्त कमी होतं. दुसरे हे सुतासारखे बारीक पांढरे जंत, म्हणजे सूतकृमी, ज्यांचा मातीशी काही संबंध नाही, ते माणसाकडून माणसाकडे येतात. हे पान फक्त या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. हे जंत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात राहतात, त्रास देतात पण सहसा धोकादायक नसतात.

२. शीमध्ये पांढरं काहीतरी दिसलं, ते जंतच आहेत हे कशावरून?

सूतकृमी म्हणजे पांढऱ्या शिवणाच्या दोऱ्याचा छोटा तुकडा, मादी साधारण ८ ते १३ मिलीमीटर, म्हणजे जेमतेम एक सेंटीमीटर, नर त्याहून खूप लहान आणि तो सहसा दिसतच नाही. ताज्या शीमध्ये ते वळवळताना दिसतात आणि वळवळ हीच मोठी खूण. केळं खाल्ल्यावर शीमध्ये काळपट दोरे दिसतात ते केळ्याचे धागे असतात, त्याला घाबरून बरेच जण फोटो पाठवतात. चपटे, पांढरे, भाताच्या शितासारखे तुकडे दिसले तर तो चपट्या कृमीचा प्रकार असू शकतो, आणि लांबलचक जाड जंत पडला तर तो गोल जंत. या दोन्हीत डॉक्टरांकडेच जा, आणि शक्य असेल तर छोट्या डबीत नमुना घेऊन जा.

३. रात्री मुलगा ढुंगण खाजवत उठतो, दिवसा काहीच नाही. असं का?

कारण मादी अंडी घालायला रात्रीच बाहेर येते. मूल झोपलं, अंग शांत झालं की ती आतड्यातून खाली सरकत शीच्या जागेपर्यंत येते आणि आजूबाजूच्या कातडीवर चिकट पदार्थासकट अंडी घालते. एक मादी १० हजारांहून जास्त अंडी घालू शकते. त्या चिकटपणामुळे आणि तिच्या हालचालीमुळे खाज सुटते.

बघायचं असेल तर मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च घ्या, ढुंगणाच्या फटी हलक्या हाताने बाजूला करून बघा. बऱ्याचदा बारीक पांढरे दोरे हलताना चक्क दिसतात. एका रात्री नाही दिसले तर दोन-तीन रात्री बघा. पोराला आधी सांगून ठेवा की रात्री बघणार आहे, नाहीतर टॉर्चच्या उजेडाने दचकून उठतं आणि रडतं.

४. दिसत तर काहीच नाही पण खाज आहे. खात्री कशी करायची?

यासाठी सेलोटेपची टेस्ट असते, अगदी सोपी आहे. सकाळी मूल उठल्या उठल्या, शीला जाण्याआधी, धुण्याआधी, आंघोळीआधी, पारदर्शक सेलोटेपचा तुकडा चिकट बाजूने शीच्या जागेच्या कातडीवर दोन-तीनदा दाबायचा आणि मग काचेच्या पट्टीवर चिकटवून लॅबमध्ये द्यायचा. काचपट्टी लॅबमधूनच मागून आणा. धुरकट टेप चालत नाही, त्यातून मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. एका दिवसाच्या टेस्टमध्ये सुटू शकतं, म्हणून लागोपाठ तीन सकाळी करा, तिन्हींमध्ये मिळून बहुतेक केसेस सापडतात.

टेप लावल्यावर तुमचेही हात साबणाने धुवा, अंडी तिथेच तर असतात.

५. आम्ही शीची तपासणी केली, नॉर्मल आली. मग जंत नाहीत ना?

असं नाही म्हणता येणार. सूतकृमीची अंडी शीमध्ये नसतात, ती बाहेर कातडीवर घातलेली असतात, त्यामुळे साध्या शीच्या तपासणीत ती क्वचितच सापडतात. मातीतल्या जंतांसाठी ती तपासणी चांगली आहे, या जंतांसाठी प्रश्न ४ मधली टेप टेस्टच करायची. आणि रात्री डोळ्यांनी जंत दिसलाच असेल तर वेगळी टेस्ट कशाला, तेवढं पुरे आहे.

६. मुलगी झोपेत दात खाते, सासूबाई म्हणतात जंत झालेत. आणि गोड खाल्ल्याने होतात हे खरं का?

दात खाणं ही जंतांची खात्रीची खूण नाही. बरीच मुलं झोपेत दात खातात आणि त्यांना जंत नसतात, आणि जंत असलेली कितीतरी मुलं दात खात नाहीत. तोंडातून लाळ गळणं, चेहऱ्यावर पांढरे डाग, नाक कोरणं याचंही तसंच. नुसत्या अशा लक्षणांवरून दर दोन महिन्यांनी औषध पाजत राहू नका.

गोडाने जंत होत नाहीत. अंडं पोटात गेल्याशिवाय जंत होत नाही, मग गूळ खा नाहीतर कारलं खा. आजीची काळजी मात्र अगदीच चुकीची नाही, कारण मुलं चॉकलेट, लाडू, जिलबी हाताने खातात, बोटं चाटतात, नखात काय आहे ते सरळ पोटात जातं. तेव्हा गोड बंद करण्याऐवजी खाण्याआधी हात धुवा. खरी लक्षणं म्हणजे रात्रीची खाज, झोपमोड, त्यामुळे दिवसा चिडचिड, कधी भूक कमी, कधी पोटात बारीक दुखणं, आणि खाजवून खाजवून लाल झालेली कातडी. खूप मुलांना तर काहीच लक्षण नसतं, आणि हेच पुढे प्रश्न ११ मध्ये महत्त्वाचं ठरतं.

७. मग होतात तरी कसे? आमचं घर तर स्वच्छ आहे.

मूल रात्री खाजवतं, अंडी नखाखाली जातात. सकाळी तोच हात तोंडात, खेळण्यावर, दाराच्या कडीवर, भावाच्या वाटीत. काही अंडी चड्डीत, चादरीत, उशीवर सांडतात, चादर झटकली की हवेत उडून धुळीबरोबर खाली बसतात. अंडी इतकी बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत. आणि घातल्यापासून चार ते सहा तासांतच ती पुढे पसरायला तयार होतात, म्हणजे रात्री घातलेली अंडी सकाळी चहा-बिस्किटाच्या वेळेला तयार असतात. घरात सावलीत, दमट जागी ती दोन-तीन आठवडे टिकू शकतात. पोटात गेल्यावर त्यातून जंत बाहेर येतो, वाढतो, आणि साधारण महिनाभराने नवीन मादी अंडी घालायला लागते. पुन्हा तेच चक्र.

आता आपल्या घरी बघा. रात्री सगळे एका गादीवर, गोधड्या एकमेकांच्या अंगावर, टॉवेल एकच, जेवण हाताने, लहान मुलाला शी झाल्यावर आई धुते आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते म्हणून हात नुसते पाण्याखाली धरते. यात घाणेरडं काही नाही, सगळ्यांच्या घरात असंच चालतं. हे जंत श्रीमंत-गरीब बघत नाहीत, शहर-गाव बघत नाहीत, इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांमध्ये पण खूप होतात. बालवाडी, पाळणाघर, ज्युनियर केजी, जिथे पोरं एकमेकांच्या अंगाखांद्यावर, तिथे होणारच. म्हणून लाज वाटून गप्प बसू नका, गप्प बसल्यानेच जास्त पसरतात.

८. कुत्रा-मांजर आहे घरात, त्यांच्याकडून आले का? आणि अनवाणी चालल्याने?

दोन्हीला नाही. सूतकृमी फक्त माणसात राहतो, कुत्र्या-मांजराला होत नाही, त्यामुळे त्याचं औषध प्राण्याला देऊन काही फायदा नाही. (प्राण्यांना त्यांचे वेगळे जंत होतात, त्यासाठी व्हेटकडे जायचंच.) अनवाणी चालल्याने होतो तो अंकुशकृमी, त्याची अळी मातीतून पायाच्या कातडीतून आत शिरते. तेव्हा चप्पल घालायला सांगा, पण सूतकृमी त्याने थांबणार नाहीत.

९. औषध कोणतं आणि किती?

आपल्याकडे सर्वात जास्त दिलं जातं ते अल्बेंडाझोल. २ वर्षांवरच्या मुलांना आणि मोठ्यांना ४०० एमजी एकदाच, १ ते २ वर्षांच्या बाळाला डॉक्टर सहसा निम्मा म्हणजे २०० एमजी देतात. गोळी चावून खायची असते, लहान मुलाला कुटून थोड्या पाण्यात द्या, अख्खी गोळी गिळायला लावू नका, घशात अडकण्याची भीती असते. सिरप घेतलं तर बाटली आधी चांगली हलवा, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि मुलाला वरचं गोड पाणी जातं.

दुसरा पर्याय मेबेंडाझोल १०० एमजी एकदा, तिसरा पायरँटेल, ज्याचा डोस वजनावर ठरतो. कुठलंही घेतलं तरी एकदा घेऊन संपत नाही, पुढचा प्रश्न बघा.

मुलाला फिट येत असतील, आधी कधी आली असेल, लिव्हरचा त्रास असेल, किंवा फिटची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अल्बेंडाझोल देऊ नका. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर त्याच दिवसांत मेबेंडाझोल नको. ताप आलेल्या, आजारी मुलाला घाई करून देऊ नका, बरं झाल्यावर द्या. औषधानंतर थोडं पोट दुखणं, मळमळ, एखादी उलटी किंवा जुलाब होऊ शकतो, तो आपोआप थांबतो.

१०. एक डोस दिला, जंत पडले, खाज गेली. मग दोन आठवड्यांनी दुसरा कशाला?

हाच डोस लोक सोडतात आणि महिन्याभराने परत काउंटरवर येतात. औषध जंत मारतं, अंडी मारत नाही. पहिला डोस दिला त्या दिवशी घरात, नखात, चादरीत अंडी होतीच, त्यातली काही औषधानंतर पोटात गेली असणार. त्यांच्यातून निघालेले नवीन जंत दोन आठवड्यांनी पोटात वाढत असतात पण अंडी घालण्याएवढे मोठे झालेले नसतात. तेव्हाच दुसरा डोस दिला की ते अंडी घालायच्या आत मरतात आणि चक्र तुटतं. फार उशीर केला तर नवीन मादी अंडी घालून मोकळी होते. म्हणून पहिला डोस दिला की तिथल्या तिथे मोबाईलवर दोन आठवड्यांनंतरची तारीख टाकून ठेवा, मुलाला बरं वाटतंय म्हणून कॅन्सल करू नका. मी तर आता दोन्ही डोसांच्या गोळ्या एकदमच घेऊन जायला सांगते, घरात असल्या की दिल्या जातात.

११. फक्त मुलाला द्यायचं की घरातल्या सगळ्यांना? आजोबांना तर काही त्रास नाही.

सगळ्यांना, आणि एकाच दिवशी. प्रश्न ६ मध्ये लिहिलंय तसं बऱ्याच लोकांना लक्षणच नसतं, त्यांच्या पोटात जंत असतात पण खाज नसते. आज मुलाला दिलं, पुढच्या आठवड्यात ताईला, बाबा म्हणाले मला नको, तर बाबांकडून महिन्याभरात परत मुलाला. एका छताखाली राहणारे, एका बाथरूममध्ये जाणारे, एका गादीवर झोपणारे सगळे धरा, हॉस्टेलवरून सुट्टीला आलेली आत्तेबहीण सुद्धा. घरी दिवसभर मूल सांभाळणाऱ्या मावशी असतील तर त्यांनाही समजावून सांगा आणि औषधाचा खर्च तुम्ही करा, ही गोळी काही महाग नाही.

आजी-आजोबांची बाकीची औषधं चालू असतात, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारून घ्या. प्रेग्नंट बाई आणि अगदी लहान बाळ यांचं वेगळं आहे, प्रश्न १३ आणि १४ बघा.

१२. शाळेत १० फेब्रुवारीला गोळी दिली होती. तरी कसे झाले?

ती राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी. २०१५ पासून सरकार १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडी आणि शाळेतून अल्बेंडाझोल देतं, आता १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, आणि त्या दिवशी जी मुलं राहतात त्यांना काही दिवसांनी मॉप-अपच्या दिवशी. ही मोहीम मुख्यत्वे मातीतून होणाऱ्या जंतांसाठी आहे, ज्यांनी मुलांचं रक्त कमी होतं, वाढ खुंटते, आणि त्यासाठी ती फार चांगली आहे, मुलाला जरूर घेऊ द्या. त्या गोळीने त्या दिवशी पोटात असलेले सूतकृमीही मरतात. पण दोन आठवड्यांनी दुसरा डोस नाही, घरच्यांना डोस नाही, त्यामुळे घरातूनच परत येतात. शाळेतून गोळी मिळून नुकतेच चार-आठ दिवस झाले असतील तर तोच पहिला डोस धरता येईल का हे डॉक्टरांना विचारा, उगीच परत देऊ नका.

१३. बाळ नऊ महिन्यांचं आहे, मोठ्याला जंत झालेत. बाळाला द्यायचं का?

स्वतःहून अजिबात नाही. एक वर्षाखालच्या बाळाला जंतांचं औषध मेडिकलमधून आणून द्यायचं नाही, बालरोगतज्ज्ञ बघून ठरवतील. तोपर्यंत बाळासाठी स्वच्छताच औषध. लंगोट किंवा डायपर प्रत्येक वेळी बदलताना शीची जागा हलक्या हाताने नीट पुसा-धुवा, बदलण्याआधी आणि नंतर तुमचे हात साबणाने धुवा, बाळाची नखं कापा, मोठ्याला वेगळं झोपवा, आणि बाळाच्या तोंडात जाणारी खेळणी रोज धुवा. औषध न घेता फक्त स्वच्छतेवर चालवायचं असेल तर ते ६ आठवडे सलग करावं लागतं, कारण साधारण तेवढ्या काळात पोटातले जंत आपोआप मरतात, फक्त नवीन अंडी आत जाता कामा नयेत.

१४. मी प्रेग्नंट आहे / दूध पाजते. मला गोळी चालेल का?

प्रेग्नंट असाल तर स्वतःच्या मनाने घेऊ नका, पहिल्या तीन महिन्यांत तर नाहीच. प्रश्न १३ मधली ६ आठवड्यांची स्वच्छता करा आणि त्रास जास्त असेल तर तुमच्या गायनॅक ठरवतील. सूतकृमींनी पोटातल्या बाळाला काही होत नाही, म्हणून टेन्शन घेऊ नका. बाळ होईल असं वाटत असेल, पाळी चुकली असेल तर आधी टेस्ट करा मग गोळी. दूध पाजत असाल तर बरेचदा औषध देता येतं, पण कुठलं ते डॉक्टरांना विचारून.

१५. रोज नेमकं काय काय करायचं? सगळं घर धुवायचं का?

सगळं घर धुवायची गरज नाही, लोक पहिल्या दिवशी एवढं करतात की तिसऱ्या दिवशी थकून सगळं सोडतात. त्यापेक्षा थोडं करा पण औषध घेतल्यापासून दोन आठवडे रोज करा.

सगळ्यात महत्त्वाची सकाळ. मूल उठलं की आधी शीची जागा साबण-पाण्याने धुवायची, मगच दूध-नाश्ता, कारण रात्रीची अंडी तिथेच असतात. बादली-मगने उभं राहून आंघोळ घालणं उत्तम, टबात बसवून घालू नका, त्यात अंडी पाण्यात पसरतात. मग स्वच्छ चड्डी. रात्री झोपताना घट्ट बसणारी सुती चड्डी घाला, झोपेत हात आत जाणार नाही, फार खाजवत असेल तर हातात सुती मोजे घाला.

नखं अगदी बारीक कापा, नखं खायची आणि अंगठा चोखायची सवय असेल तर ओरडू नका, ओरडल्याने वाढते, हात धुण्याची संख्या वाढवा. हात साबण-पाण्यानेच धुवायचे, सॅनिटायझर या अंड्यांवर भरवशाचा नाही. खाण्याआधी, शीनंतर, बाळाचं ढुंगण धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, आणि नखाच्या कडा चोळून.

औषधाच्या पहिल्या दिवशी चादरी, उशीच्या खोळी, टॉवेल, चड्ड्या, झोपायचे कपडे गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. गोधडी-रजई धुता येत नसेल तर दिवसभर उन्हात टाका, पण घरात झटकू नका, तशीच गुंडाळून गच्चीवर न्या. फरशी झाडूने कोरडी झाडल्याने धूळ उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं गरम पाण्यात धुवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. टूथब्रश बाथरूममध्ये उघडे ठेवू नका, वापरण्याआधी धुवा. मऊ खेळणी धुऊन उन्हात. संडासाची सीट, नळ, फ्लशचं बटण, दाराची कडी रोज पुसा. एवढंच.

१६. औषध देऊन चार दिवस झाले तरी खाज आहे. औषध लागू पडलं नाही का?

थोडे दिवस खाज राहू शकते, कातडी खाजवून खाजवून सोललेली असते ती भरायला वेळ लागतो. पहिल्या काही दिवसांत शीमध्ये मेलेले जंतही दिसतील, त्याचा अर्थ औषध काम करतंय. रात्री झोपण्याआधी जागा धुऊन कोरडी करून पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेलाचा पातळ थर लावा, खाज कमी होते. हळद, लसणाचा रस, रॉकेल, डेटॉल असलं काहीही त्या जागी लावू नका, भयंकर आग होते. पण दोन आठवड्यांनी दुसरा डोस झाल्यावरही जिवंत वळवळणारे जंत दिसत असतील तर पुढचा प्रश्न.

१७. दर दोन महिन्यांनी परत होतात, आता काय करू?

आधी शांतपणे आठवा, दुसरा डोस दिला होता का, घरातल्या प्रत्येकाने त्याच दिवशी घेतला होता का, आणि सकाळचं धुणं रोज झालं होतं का. बहुतेक वेळा यातलं एक राहिलेलं असतं. ते तिन्ही होऊनही परत येत असतील तर शाळा, पाळणाघर किंवा सुट्टीत जिथे मूल राहतं ते मामाचं घर बघा. पाळणाघरातल्या ताईंना सांगा, बाकीच्या पालकांनीही एकाच वेळी औषध घेतलं तर सगळ्यांचीच सुटका होते. वारंवार होत असेल तर डॉक्टर दर दोन आठवड्यांनी काही डोस असा कोर्स देतात किंवा औषध बदलतात. तो कोर्स घरच्या घरी सुरू करू नका.

आणि प्रत्येक खाज जंतांचीच असते असं नाही. भेगा, बद्धकोष्ठता, बुरशी, खरूज, शीच्या जागेचं बॅक्टेरियाचं इन्फेक्शन यांनीही खाज येते. एकदा डॉक्टरांना नीट बघू द्या.

१८. मुलीला पुढच्या जागी खाज येते, शू करताना जळजळ म्हणते, परत अंथरूण ओलं करायला लागली. जंतांचा संबंध आहे का?

असू शकतो, आणि हे खूप आयांना कोणी सांगितलेलंच नसतं. मुलींमध्ये रात्री बाहेर आलेले जंत पुढे सरकून शूच्या आणि योनीच्या जागी जातात, तिथे लाली, खाज, पांढरं पाणी, जळजळ होते, काही मुली अंथरुणात शू करतात. म्हणून खाज पुढच्या जागी असली तरी रात्री टॉर्चने मागची जागाही बघा. धुताना पुढून मागे धुवायची सवय लावा. पण जंत दिसले तरी शूची तपासणी करून घ्या, जळजळ लघवीच्या इन्फेक्शनमुळेही असते आणि त्याचं औषध वेगळं आहे. मुलीला रागावू नका, हे तिच्या हातात नाही.

१९. शाळेत पाठवू का? टीचरना सांगू?

पाठवा. सूतकृमींसाठी शाळा बुडवायची गरज नाही, सकाळी नीट धुऊन, नखं कापून, स्वच्छ चड्डी घालून पाठवा. टीचरना सांगा, पण मुलासमोर नको आणि पालकांच्या ग्रुपवर मुलाच्या नावाने तर नकोच. वर्गात एकाला झाले तर आणखी कोणाला असतीलच, आणि टीचर नाव न घेता सगळ्यांना सांगू शकतात. स्विमिंगचं विचारतात म्हणून सांगते, पूलमधून हे क्वचितच पसरतात, पोहण्याआधी-नंतर शॉवर घेतला की झालं.

२०. वावडिंग, कारल्याचा रस, पपईच्या बिया, होमिओपॅथीच्या गोळ्या, यांनी जातील का?

वावडिंग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात आणि आजीच्या हातचं वावडिंगाचं पाणी मोठ्या मुलाने घोटभर प्यायलं तर मी कोणाशी भांडणार नाही. पण या जंतांवर वर दिलेली औषधं नीट तपासलेली आहेत, डोस ठरलेला आहे, स्वस्त आहेत, आणि घरगुती उपायात महिना जातो तोवर सगळ्या घराला होतात. त्यामुळे वावडिंग औषधाऐवजी नको. लहान बाळाला वेखंड, एरंडेल, बियांची पावडर अजिबात पाजू नका. प्रेग्नंट बाईने पपईच्या बिया, वावडिंग घेऊ नये. होमिओपॅथीच्या गोळ्यांनी हे जंत जातात असा भरवशाचा पुरावा नाही.

२१. दुकानात अल्बेंडाझोल मागितलं तर दोन औषधं एकत्र असलेलं सिरप दिलं. चालेल का?

लेबल वाचा. बऱ्याच सिरपांमध्ये अल्बेंडाझोलबरोबर आयव्हरमेक्टिन असतं. सूतकृमींसाठी नुसतं अल्बेंडाझोल पुरतं, आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला आयव्हरमेक्टिन सहसा देत नाहीत. डॉक्टरांनी नाव लिहून दिलं असेल तर ठीक, पण "तेच आहे, थोडं स्ट्राँग आहे" असं म्हणून दिलं तर परत करा आणि साधं मागा.

२२. आम्ही बाहेर राहतो, इथे अल्बेंडाझोल मिळत नाही. काय मागायचं?

इंग्लंडमध्ये फार्मसीत प्रिस्क्रिप्शनशिवाय मेबेंडाझोल मिळतं, २ वर्षांवरच्यांसाठी. त्याखालचं बाळ, प्रेग्नन्सी किंवा दूध पाजत असाल तर फार्मासिस्ट जीपीकडे (म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) पाठवतील. अमेरिकेत पायरँटेल प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं, पण तिथे पिनवर्मचं (सूतकृमीचं तिथलं नाव) औषध म्हणून मागा. अल्बेंडाझोलला तिथे डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं. भारतातून गोळ्या मागवून ठेवण्यापेक्षा तिथलंच घ्या. दोन आठवड्यांनी दुसरा डोस आणि सगळ्या घराला एकाच दिवशी, हे तिकडेही तसंच.

२३. डॉक्टरकडे लगेच कधी जायचं?

पोटात उजव्या बाजूला खाली सतत दुखतंय, ताप आहे, उलट्या थांबत नाहीत, पोट फुगून कडक झालंय, तर जंत आहेत म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी जा. क्वचित हे जंत अपेंडिक्समध्येही सापडतात, आणि जंत असतानाही पोटदुखीचं कारण दुसरंच असू शकतं. शीमध्ये रक्त, वजन कमी होणं, मूल फिकट दिसणं, गांडुळाएवढा जंत पडणं, हे सूतकृमींचं चित्र नाही, तपासणी हवी. खाजवलेली जागा सुजून पू आला, दुखायला लागली तर कातडीचं इन्फेक्शन झालंय, त्याला वेगळं औषध लागतं. औषधानंतर अंगावर पुरळ, ओठ-डोळे सुजणं किंवा श्वास लागणं असं झालं तर सरळ हॉस्पिटल गाठा आणि औषधाचं पाकीट बरोबर न्या.

आणि मूल २ वर्षांच्या आतलं असेल तर पहिल्यांदा जंत दिसले तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, वजन करून डोस लिहून घ्या, तो कागद जपून ठेवा, दोन आठवड्यांनी परत लागेल.